चूलबंद आवतन

आमच्या वऱ्हाडात लग्नाचं आवतन दोन तऱ्हांचं असतं. एक घरटी माणसाचं, म्हणजे घरातून एकानं यावं, अक्षता टाकाव्या, जेवून जावं. दुसरं चूलबंद. त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायची नाही, म्हाताऱ्यापासून रांगत्या लेकरापर्यंत सगळ्यांचं जेवण आमच्या मांडवात. पत्रिकेवर ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलेलं असतंच, पण ते सगळ्याच पत्रिकांवर असतं. आवतन सांगायला आलेला माणूस उंबऱ्यात उभा राहून तोंडानं ‘चूलबंद’ म्हणाला, की मगच ते धरायचं.

२०२१ च्या डिसेंबरात धामणगावात आमच्या दारात चाचा उभे राहिले आणि म्हणाले, “सर, पोरीचा निकाह आहे. चूलबंद आहे बरं, घरी काही मांडू नका.” बायको म्हणाली, “येतो न चाचा. आत तं या, बसा.” चाचा बसले, चहा घेतला, गेले. ते गेल्यावर आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांशी काही बोललो नाही. त्याचं कारण सांगायचं तर आधी चाचा कोण ते सांगितलं पाहिजे.

चाचा पिंजारी. धामणगावच्या नावापुढं ‘रेल्वे’ लागलं ते लोहमार्गामुळं. मुंबईकडून निघालेला हा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला आणि वाटेतल्या स्टेशनांभोवती कापसाची गावं उभी राहिली. पुलगाव, धामणगाव, चांदूर, बडनेरा ही सगळी एकाच रुळावरची. जिनिंग आले, प्रेस आले, अडते आले, मारवाडी आणि गुजराती व्यापारी आले, हमाल आले आणि रुई आहे तिथं पिंजारीही आले. चाचांच्या वडिलांकडं पिंजण होतं. त्याची तात मोगरीनं छेडली की गल्लीभर घुमायचं आणि हवेत रुईचे पुंजके तरंगायचे. आता मशीन आहे. पण काम तेच. गावात कुणाच्याही पोरीचं लग्न ठरलं की तिच्या रुखवतातली गादी, दोन उशा आणि रजई चाचांच्या दुकानातून भरून जाते. कुणब्याची पोर असो, तेल्याची, माळ्याची, मारवाड्याची, बौद्धवाड्यातली. सासरी पहिल्या रात्री ती ज्या गादीवर अंग टेकते तिच्यातली रुई चाचांच्या घरच्या कुणीतरी पिंजलेली असते. अर्ध्या गावाच्या संसाराखाली हे घर आहे असं मला नेहमी वाटत आलं.

माझ्या पोरीचं लग्न त्याच वर्षी मे महिन्यात झालं. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनामुळं राज्य सरकारचा आदेश निघाला होता. लग्नाला २५ माणसं, २ तास, आणि नियम मोडला तर ५० हजार रुपये दंड. अमरावती जिल्ह्यानं तर फेब्रुवारीपासूनच दुसऱ्या लाटेचा तडाखा सोसला होता. आम्ही वही घेऊन बसलो. आधी शंभर नावं, मग साठ, मग चाळीस, मग पंचवीस. प्रत्येक वेळी खोडताना एकच कसोटी लागत गेली, रक्ताचं कोण. मामा राहिला, आत्या राहिली, दूरचा चुलतभाऊसुद्धा राहिला, ज्याला मी आठ वर्षांत भेटलो नव्हतो. शेजारी गेले, शाळेतले सोबती गेले, चाचा गेले. चाचांचं नाव खोडताना माझा हात थांबला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. ते यादीत होते, पण खालच्या बाजूला होते. तसे का होते, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

लग्नाच्या दोन दिवस आधी चाचा स्वतः गादी घेऊन आले. दुकानं बंद होती, त्यांनी घरच्या घरी भरून आणली होती. दारापासून लांब उभे राहिले, तोंडाला रुमाल बांधलेला. “लेकरू चाललं सासरी,” एवढंच म्हणाले. पैसे घेतले नाहीत. यादीबद्दल विचारलं नाही.

नोव्हेंबरात अमरावती पेटली. १२ तारखेला मोर्चा, दगडफेक. १३ ला बंद, जाळपोळ. मग संचारबंदी आणि इंटरनेट बंद. अमरावती आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. धामणगावात काही झालं नाही, पण माणसं हळू आवाजात बोलू लागली, आणि हळू आवाजात बोललेलं फार लांब जातं. अशा महिन्यानंतरच्या महिन्यात चाचा आमच्या उंबऱ्यात येऊन चूलबंद म्हणाले. ज्यानं मला यादीत खालून खोडलं त्याच्या घरची चूल मी माझ्या मांडवासाठी बंद करतो, असं त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांच्या मनात सरळ आवतन होतं. म्हणूनच आम्ही गप्प बसलो.

त्या निकाहानं मला जे विचारात पाडलं ते मांडायचा हा प्रयत्न आहे. दुसऱ्याच्या लग्नाला पाहुणा म्हणून जाणं हे आपण फार सोपं समजतो. कपडे करायचे, पाकीट द्यायचं, जेवायचं, नवरदेवासोबत फोटो, निघायचं. पाहुणा होणं ही यजमानानं द्यायची गोष्ट आहे, पाहुण्याला त्यात काही करायचं नसतं, असा आपला समज. मला आता वाटतं, मांडवात माणसाला दोन गोष्टी मिळाल्या तरच तो पाहुणा होतो. बसायला पाट आणि करायला काम. यातली एकच मिळाली की काहीतरी वाईट घडतं, आणि आपल्याकडं शतकानुशतकं तेच घडत आलं आहे.

जुन्या वऱ्हाडी लग्नाची फार गोड वर्णनं केली जातात. गाव एकत्र यायचं, म्हणतात. यायचं खरं. कुंभार मडकी आणायचा, परीट पायघड्या घालायचा, न्हावी नवरदेवाची हजामत करून त्याला न्हाऊ घालायचा, मांग वाजवायचे, पिंजारी गादी भरायचा. प्रत्येकाचा हक्क ठरलेला, मानपान ठरलेला, टोपी-उपरणं ठरलेलं. पण पंगत बसली की कोण कुठं बसतं ते पाहा. वाजवणारे मांडवाबाहेर. पहिली पंगत उठल्यावर कुणाकुणाला वाढलं जायचं, कुणाच्या पदरात टाकलं जायचं. ज्याच्या हाताला काम होतं त्याला पाट नव्हता आणि ज्याला पाट होता त्याच्या हाताला काम नव्हतं. त्या लग्नाला मी एकोप्याचं लग्न म्हणायला तयार नाही. ते कामाच्या गरजेचं लग्न होतं. चाचांच्या वडिलांनी किती रुखवतांच्या गाद्या भरल्या आणि किती मांडवांत त्यांच्यापुढं पत्रावळ मांडली गेली, याचा हिशेब कुणी ठेवला असता तर आपल्याला मान खाली घालावी लागली असती.

आताच्या लॉनमधल्या लग्नात उलटं झालं आहे. सगळ्यांना पाट आहे, काम कुणालाच नाही. कॅटरर वाढतो, डेकोरेशनवाला सजवतो, बँडवाला वाजवतो, आपण ताट घेऊन रांगेत उभे राहतो. बफेबद्दल नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात नाही. पंगतीतली जात जी मोठमोठ्या सुधारकांच्या व्याख्यानांनी हलली नाही ती बफेनं बरीचशी हलवली. रांगेत पुढं कोण, मागं कोण, भाजीच्या भांड्यातला डाव आधी कुणाच्या हातात होता, हे आता कुणी पाहत नाही. हा फायदा लहान नाही. ज्याच्या आजोबाला मांडवाबाहेर बसवलं जायचं त्याला विचारा, तो पंगतीच्या आठवणी काढून गहिवरणार नाही. पण बफेनं आणखी एक केलं. कुणी कुणाला वाढत नाही, म्हणून कुणी कुणाला आग्रह करत नाही, म्हणून कुणाला कुणाची आठवण ठेवायचं कारण उरत नाही. आठशे माणसं येतात, आणि यजमानाला रात्री व्हिडिओ पाहूनच कळतं कोण आलं होतं.

चाचांच्या घरच्या निकाहाला आम्ही गेलो. घरापुढच्या मोकळ्या जागेत मांडव, पुरुषांचा एका बाजूला, बायकांचा घरात आणि मागच्या अंगणात. मी इकडं, बायको तिकडं. म्हणजे आम्ही दोघांनी दोन अर्धी लग्नं पाहिली आणि रात्री घरी येऊन ती जोडली. तिनं सांगितलेला भाग माझ्यापेक्षा मोलाचा होता.

मी पाहिलं ते असं. जोहरची नमाज झाल्यावर वऱ्हाडी मंडळी बसली. नवरदेव सेहऱ्यात. काझींनी निकाहनामा पुढं घेतला. मुलीच्या बाजूचा वकील आणि दोन गवाह उठून आत गेले. ते परत येईपर्यंत सगळा मांडव थांबला. नवरदेवाचे वडील, काझी, आम्ही, सगळे. मग ते आले, काझींना सांगितलं, खुतबा झाला, मेहरची रक्कम सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितली गेली, नवरदेवाला विचारलं, त्यानं कबूल म्हटलं, सह्या झाल्या, आणि हवेत खारका उडाल्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं माझ्या खिशात दोन खारका कोंबल्या आणि मला मिठी मारून “मुबारक” म्हटलं. त्याला मी कोण ते माहीत नव्हतं.

बायकोनं पाहिलं ते असं. वकील आणि गवाह पडद्याआड येऊन उभे राहिले. वकिलानं मुलीला विचारलं, अमक्याचा मुलगा अमका, इतका मेहर, तुला कबूल आहे का. मुलगी रडत होती. खोलीतल्या सगळ्या बायका गप्प. आत्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुन्हा विचारलं. मग ती हो म्हणाली, इतकं हळू की गवाह म्हणाला, जरा मोठ्यानं बेटा. बायको रात्री मला म्हणाली, “आपल्यात तं पोरीले कोणी विचारत नाही.”

मी शाळेत पस्तीस वर्षं शिकवलं. शेकडो लग्नांच्या अक्षता टाकल्या, स्वतःच्या पोरीचं कन्यादान केलं. पण हे वाक्य मला कधी सुचलं नव्हतं. आपल्या लग्नात सगळा सोहळा मुलीभोवती फिरतो. हळद, अंतरपाट, मंगळसूत्र, सप्तपदी, सगळं तिच्यासाठी किंवा तिच्यावर. पण भर मांडवात कुणी थांबून तिला विचारत नाही की तुला हे मान्य आहे का. तिला दिलं जातं. आधी बैठकीत विचारलेलं असतं, हे खरं. निकाहातलं ‘कबूल’ही नेहमी मोकळ्या मनानं येतं असं नाही, घरच्यांच्या धाकानं येणारंही असतं, हेही खरं. तरी विचारण्याची जागा सोहळ्याच्या आत असणं आणि नसणं यात फरक आहे. आणि हा प्रश्न मला परक्या मांडवात बसून पडला असला तरी तो परका नाही. २५ डिसेंबर १८७३ ला सत्यशोधक समाजाच्या पद्धतीचा पहिला विवाह झाला. जोतीराव फुल्यांच्या त्या विवाहविधीत वधू आणि वर दोघंही एकमेकांशी मराठीत बोलतात, ती आपली अट सांगते, तो वचन देतो. पुढं हे वऱ्हाडातही आलं होतं. आपल्याच घरात लावलेला दिवा आपण विझवला, आणि त्याची आठवण मला करून द्यायला चाचांच्या घरची रडणारी मुलगी लागली.

दुसऱ्या समाजाच्या लग्नाला गेलेला माणूस दोन चुका हमखास करतो. एक चूक प्रेमानं होते. “आमच्यातही हळद, तुमच्यातही हळद, सगळं सारखंच.” यजमानाला बरं वाटावं म्हणून म्हटलेलं असतं, पण त्यानं समोर जे चाललं आहे ते दिसेनासं होतं. सगळं सारखं नाही. निकाह हा करार आहे, त्यात दोन पक्ष, साक्षीदार, रक्कम आणि सही आहे. आपल्याकडं विवाह हा संस्कार मानला. या दोन कल्पनांतून लग्न, घटस्फोट, बाईचा पैसा, सगळ्याची वेगळी वाट निघते. हळदीची वाटी सारखी आहे म्हणून हे झाकता येत नाही. दुसरी चूक म्हणजे तमाशा पाहायला आल्यासारखं पाहणं, मोबाइल वर धरून, काय गंमत आहे असं तोंड करून. दोन्ही चुकांचं मूळ एकच. आपल्याला काही कळत नाही हे तिथं बसून सोसायची तयारी नसते. पाहुण्याला न कळण्याची लाज वाटू नये. मी त्या म्हाताऱ्याला विचारलं, आत गेलेली माणसं कोण, का गेली. त्यानं मला नीट, सावकाश समजावलं. त्याला आनंद झाला होता.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या स्वाहिली लोकांच्या लग्नाची गोष्ट इथंच आठवते. माझा एक माजी विद्यार्थी काही वर्षं मोंबासात नोकरीला होता. घरमालकाच्या मुलीच्या लग्नाचं आवतन त्याला आणि त्याच्या बायकोला आलं. फोनवर त्यानं मला ते सगळं सांगितलं होतं, आणि चाचांच्या मांडवात बसलो असताना मला ते पुन्हा ऐकू येत होतं. तिथंही पुरुषांचं लग्न वेगळं आणि बायकांचं वेगळं. निकाह मशिदीत, मुलगी घरी. नंतर इवल्याशा कपात कडक काहवा आणि हलवा. बायकांचा सोहळा रात्री, नवरी सजवून बसवलेली, हातापायांवर मेंदी, तआरबची गाणी, आणि तिथं मोबाइलनं फोटो काढायला बंदी, कारण आत बुरखे उतरवलेले. हा बाहेर, ती आत. त्यांनीही रात्री दोन अर्धी लग्नं जोडली असणार. पण त्याला सर्वांत लक्षात राहिली ती आदल्या दिवशीची दुपार. शेजारणी आल्या आणि त्याच्या बायकोला हाताला धरून घेऊन गेल्या. पिलावाचे तांदूळ निवडायचे होते. अंगणात चटईवर वीस बाया, पुढं तांदळाच्या पराती, हिची भाषा त्यांना येत नाही आणि त्यांची हिला. पण तांदळातला खडा ओळखायला भाषा लागत नाही. संध्याकाळी तिला एक कांगा दिला. कांगा म्हणजे तिथल्या बायकांचं दुहेरी सुती वस्त्र, त्याच्यावर स्वाहिलीत एक ओळ छापलेली असते. ती ओळ वाचून घ्यायला तिला दुसऱ्या दिवशी मालकिणीकडं जावं लागलं.

आफ्रिकेच्या त्या किनाऱ्याशी आपली ओळख जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांचं कापड तिथं जायचं, आणि त्या गिरण्यांत वऱ्हाडचा कापूसही होता. स्वाहिलीत गाडीला गारी म्हणतात, पैशाला पेसा, लाखाला लाकी, विम्याला बिमा. चपातीला चपातीच. आणि लग्नाला म्हणतात हरुसी किंवा अरुसी. हा शब्द कळला तेव्हा मी चकित झालो. अरबीत उर्स म्हणजे लग्न. तोच शब्द तिकडं अरुसी झाला आणि इकडं आमच्याकडं उरूस. पीराच्या पुण्यतिथीला उरूस म्हणतात, कारण त्या दिवशी पीराचं देवाशी लग्न लागलं अशी श्रद्धा. म्हणून संदल, म्हणून चादर, म्हणून मिरवणूक. गावोगावचा हिंदू शेतकरी पिढ्यान् पिढ्या उरसाला जातो, नारळ फोडतो, मलिदा खातो, पोराला पाळण्यात बसवतो, आणि त्याला माहीतही नसतं की तो लग्नाला आला आहे. आमच्याच तालुक्यात मंगरूळ दस्तगीर आहे. दस्तगीर हा फारसी शब्द, अर्थ हात धरणारा. आपल्या लग्नातला पाणिग्रहण हा संस्कृत शब्द, त्याचाही अर्थ हात धरणं. एस.टी.च्या पाटीवर हा शब्द वाचत आम्ही आयुष्य काढलं.

स्वाहिलीत पाहुण्याला म्गेनी म्हणतात, आणि परक्यालाही तोच शब्द. आपल्याकडंही खेड्यात अनोळखी माणूस दिसला की विचारतात, काय पाव्हणं, कोण्या गावचे? परका आणि पाहुणा यांच्यात भिंत नसलेल्या या दोन भाषा आहेत. तिथली एक म्हण अशी की पाहुणा दोन दिवस पाहुणा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. ही म्हण लोक पाहुण्याला कंटाळल्यावर वापरतात असं पहिल्यांदा मला वाटलं होतं. तांदळाची गोष्ट ऐकल्यावर तिचा दुसरा अर्थ दिसला. कुदळ देणं म्हणजे घालवणं नाही, घरात घेणं आहे. कंटाळा आणणाऱ्या पाहुण्याच्या हाती कुणी कुदळ देत नाही, त्याला गाडीची वेळ सांगतात.

आता चाचांच्या मांडवातल्या एका वेगळ्या चुलीकडं येतो. आमच्या चुली बंद ठेवून आम्ही चूलबंद आवतनाला गेलो, तर मांडवाच्या मागच्या अंगाला कडुनिंबाखाली आमच्यासाठी वेगळी चूल पेटलेली होती. आचारी हिंदू, भांडी वेगळी, वांग्याची भाजी, वरण-भात, पोळी, बुंदी. ही पद्धत आमच्याकडं जुनी आहे, सगळीकडं आहे, आणि यजमान ती फार निगुतीनं पाळतात. एकाही पाहुण्याच्या मनात शंका राहू नये म्हणून चाचांचा मोठा मुलगा सकाळपासून त्या चुलीपाशी उभा होता. त्यानं स्वतः त्या भांड्यांना हात लावला नाही. लांबून सांगत होता.

त्याच्या लांब उभं राहण्यात मला जे दिसलं ते पाहवलं नाही. आमच्या घरात माळ आहे, आम्ही खात नाही, ही आमची मर्यादा खरी आहे आणि यजमानानं ती जपली याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण त्या पंगतीला बसलेल्यांपैकी निम्मे असे होते की हायवेवरच्या ढाब्यावर मटण चोखून खातात, कुणी शिजवलं ते विचारत नाहीत. इथं मात्र त्यांना वेगळं लागत होतं. म्हणजे प्रश्न मटणाचा नव्हता, हाताचा होता. ज्या हातांनी भरलेल्या गादीवर आपण झोपतो त्या हातांनी भाताच्या गंजाला शिवू नये, अशी ती अट होती, आणि ती अट कुणी उच्चारली नव्हती. यजमानानंच ती आमच्या मनातून ओळखून, आम्ही सांगायच्या आधी, स्वतःच्या मांडवात पाळली होती. पाहुण्याचा मान ठेवणं हा यजमानाचा मोठेपणा. पण त्याला एवढा मान ठेवायला लावणं, हा पाहुण्याचा काय म्हणायचा?

माझ्या ओळखीचे काही तरुण म्हणतील, सर, जेवणावळींच्या गोष्टी पुरे. आणि त्यांच्या बाजूनं फार मोठा माणूस उभा आहे. १९३६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ मध्ये स्पष्ट मांडलं की सहभोजनानं जात मोडत नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह. अमरावती जिल्ह्यातल्याच पापळच्या पंजाबराव देशमुखांनी १९२७ मध्ये विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला, तेव्हा या भागात काय गहजब झाला असेल ते सांगायला नको. त्यापुढं एकमेकांच्या मांडवात भात खाणं म्हणजे काय मोठं? मी हे मानतो. धर्माच्या भिंतीबाबत तर आज परिस्थिती अशी आहे की डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारनं आंतरधर्मीय विवाहांसाठी समन्वय समिती नेमली, आणि दोन तरुणांनी एकमेकांना निवडलं की गाव, पोलीस, नेते सगळे त्यांच्या घरात येतात. रोटीच्या व्यवहारानं बेटीचा प्रश्न सुटत नाही, हे आंबेडकरांचं म्हणणं पंच्याऐंशीहून अधिक वर्षांनंतरही खरं आहे.

पण रोटी आणि बेटी यांच्या मधे एक जागा आहे आणि तिच्याकडं आपण कधी नीट पाहिलं नाही. ती साक्षीची जागा. दुसऱ्याच्या लग्नाला जाऊन, सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून, त्यांची मुलगी कशी विचारली जाते, कशी रडते, कशी निघते, हे पाहणं. निकाहाचे गवाह त्यांच्यातलेच असतात, तो कायद्याचा भाग. मी म्हणतो ती साक्ष कागदावर येत नाही. जेवायला गेलेला माणूस भाताची चव घेऊन येतो, पण लग्न पाहिलेला माणूस त्या घरातल्या मुलीचा चेहरा घेऊन येतो. मग पुन्हा अमरावतीसारख्या बातम्या येतात तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं ‘ते लोक’ उभे राहत नाहीत, पडद्याआड हळू आवाजात हो म्हणणारी एक पोरगी उभी राहते. हे मी तर्कानं सांगत नाही, माझ्या बायकोच्या बाबतीत मी पाहिलं आहे. गल्लीत कुणी काही बोलायला लागलं की ती सरळ म्हणते, “चाचांच्या घरी जाऊन आले का कधी?” आणि बोलणारा बहुधा कधी गेलेला नसतो. गेला असेल तर कडुनिंबाखाली जेवून परतलेला असतो.

पंचवीस नावांची ती वही अजून कपाटात आहे. मी ती फेकली नाही. २५ जणांतच लग्न लावायचं होतं तर कुणाला घ्यायचं, याचं उत्तर आज मी वेगळं देईन. ज्यांचे हात त्या लग्नात लागले होते ते आधी. जो मामा फक्त टॉवेल-टोपी घ्यायला आला आणि मुहूर्ताआधी दहा मिनिटं पोचला, तो नंतर.

यंदा उन्हाळ्यात चाचांचा धाकटा मुलगा आवतन सांगायला आला. चाचा आता दुकानात बसत नाहीत, गुडघे दुखतात. त्याच्या बहिणीचा निकाह. उंबऱ्यात उभा राहून तो म्हणाला, “सर, चूलबंद आहे. आचारी सांगून ठेवला आहे तुमच्यासाठी.”

बायको आतून बाहेर आली. म्हणाली, “आचारी नको सांगू बाप्पा. आमच्याकडची आठ-दहा घरं आहेत न माळेची, त्यांचं आम्ही रांधतो. मी अन् शेजारच्या दोघी. तुह्या आईले विचारून सांग.”

तो गोंधळला. त्याला हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. पाहुण्याला कामाला लावलं तर लोक काय म्हणतील, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मला त्याचं गोंधळणं बरोबर वाटलं. मांडव त्यांचा होता, त्यात कुणाच्या हाताला काय काम द्यायचं हे त्यांनीच ठरवायचं होतं. आम्ही फक्त हात पुढं केला होता. “घरी विचारतो, काकू,” म्हणून तो गेला.

तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. अम्मीनं निरोप दिला होता. घरून रांधून आणू नका, मांडवातच रांधा. गंज आमचा, लाकडं आमची. आणि वांगी चिरायला सकाळी सातला या, कारण आमच्या बायांना भरल्या वांग्याचा मसाला शिकायचा आहे.